अंगातली बेगमी

गेल्या अंकात मी तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता. उद्या पहाटे उठलात, नळाला पाणी नाही, वीज नाही आणि गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आलाय असं कळलं, तर तुमच्या घरात पुढचे चार दिवस कसे जातील? उत्तरादाखल पिशवीभर पत्रं आली. निम्म्याहून जास्त पत्रांत विकत घ्यायच्या वस्तूंच्या याद्या होत्या. मी पंचवटीतल्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं पीटी शिकवली, त्यामुळे यादी वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की हे उचलणार कोण? म्हणून या वेळी निवडलेली पत्रं त्याच अंगाने जाणारी आहेत.

बाई, मी आणि बायको गंगापूर रोडला नदीपासून जवळच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतो. मी बेचाळीस वस्तूंची आपत्कालीन बॅग तयार केली आहे, यादी सोबत जोडली आहे. काही राहिलंय का ते सांगा.
— एक तरुण वाचक, गंगापूर रोड

तुमची यादी मी दोनदा वाचली. काही राहिलेलं नाही. मला विचारायचंय ते वेगळंच आहे. ती बॅग तुम्ही शेवटची कधी उघडलीत? आणि ती खांद्याला लावून तुमच्या पत्नी दोन जिने चढल्या आहेत का?

माझ्यावर काय गुदरलं ते सांगते. सप्टेंबर २००८ मध्ये गंगेला मोठा पूर आला तेव्हा आम्ही घाटाजवळच्या सासरच्या वाड्यात राहत होतो. नाशिककरांचं पूर मोजायचं माप म्हणजे नदीच्या पात्रातल्या उंच मूर्तीचा दुतोंड्या मारुती. त्याच्या कमरेला पाणी लागलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले लोक माल हलवायला घेतात. आम्हीही वेळेत हललो. माळ्यावर संकटासाठी म्हणून घेऊन ठेवलेली मोठी बॅटरी होती. ती काढली तर आत सेल फुटून पांढरी भुकटी झालेली, स्प्रिंग गंजलेली. मेणबत्त्या होत्या, पण काडेपेटी सादळलेली. हे सगळं परवडलं असतं. वीस लिटर पिण्याच्या पाण्याचा कॅन मात्र वरच्या मजल्यावर न्यायचा होता. लाकडी जिना, अठरा उभ्या पायऱ्या. चौथ्या पायरीवर माझ्या कमरेत अशी उसण भरली की कॅन तिथेच सोडून मी भिंत धरली. मी पीटीची बाई! पण कित्येक वर्षं मी फक्त शिट्टी वाजवत होते, स्वतः काही उचललंच नव्हतं. शेजारच्या गवळ्याचा सतरा वर्षांचा मुलगा आला, दोन हातांत दोन कॅन घेऊन वर गेला, परत आला आणि माझ्या सासूबाईंना खुर्चीसकट वर न्यायला त्याच्या भावाला हाक मारली. तो मुलगा रोज दुधाचे चाळीस लिटरचे कॅन सायकलला लावायचा आणि काढायचा. त्याच्या अंगात ती बेगमी होती, माझ्या अंगात नव्हती.

तेव्हापासून घरात एक नियम आहे. जे रोज वापरात नाही ते संकटात चालेल असं धरायचं नाही. आमची बॅटरी आता स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्याला लटकते आणि कचरा टाकायला जाताना तीच हातात असते. ओआरएसची पाकिटं, रक्तदाबाच्या गोळ्या, शेंगदाणे-गुळाचा डबा हे सगळं नेहमीच्या वापरातलं. पुढचं वापरायचं आणि मागे नवं लावायचं.

तुम्ही दोघांनी एक करा. येत्या रविवारी संध्याकाळी सात ते नऊ घरातला मेन स्विच बंद करा, नळही सोडायचा नाही, आणि त्या दोन तासांत जेवण करून भांडी घासा. बेचाळीसमधल्या किती वस्तूंना हात लागला ते मोजा. बॅग उचलून गच्चीवर जा. जड गेली तर सामान दोघांत वाटा.

पाण्याचं माप असं धरा: पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज चार-पाच लिटर. पुरानंतर नळाचं पाणी गढूळ आलं तर फडक्याने गाळून खळखळून उकळी आल्यावर निदान मिनिटभर तसंच उकळू द्यायचं. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. पाणी घराकडे चढत असेल तर मेन स्विच पाडा आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीने बांधा. पुरात तो तरंगत जातो. धरणातून किती क्युसेक सोडलं याची बातमी ऐकत राहा, पण केवळ तिच्यावर विसंबू नका. नासर्डी आणि वाघाडी या नदी-नाल्यांना शहरातल्या पावसानेच लोंढा येतो, गंगापूर धरणाचं दार उघडो न उघडो. आणि गढूळ पाण्यातून चालावंच लागलं तर हातात काठी घेऊन पुढची जमीन चाचपत चाला, झाकण निघालेलं चेंबर दिसत नाही. पायाला जखम असताना त्या पाण्यात उतरला असाल आणि पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा, अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टो या आजाराची शंका त्यावरूनच घेतात.

ताई, आमचा सिडकोत वन बीएचके आहे. बाल्कनी सहा बाय तीन. मला भाजी लावायचीय. नवरा म्हणतो, चार कुंड्यांनी काय दुष्काळ हटणार आहे?
— एक गृहिणी, सिडको

त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं आधी मान्य करून टाका. बाल्कनीतल्या भाजीने घर जगत नाही. घर जगतं ते तांदूळ, ज्वारी-बाजरी, तूरडाळ, भगर, पोहे आणि तेलावर. पंधरा दिवसांचा शिधा डब्यांत आहे ना, याची खात्री आधी करा. आणि नाशिकमध्ये राहून उन्हाळी कांदा साठवत नसाल तर मला नवल वाटेल. मार्च-एप्रिलचा कांदा नीट वाळवून, जाळीच्या पिशवीत हवेशीर टांगला की दिवाळीच्या आसपासपर्यंत साथ देतो. पिकलेलं डांगर देठासकट आणलं तर फ्रिजविना दोन-तीन महिने कोपऱ्यात निवांत बसतं. ही झाली जुनी बेगमी. आपल्या आज्या हे करायच्याच.

मग कुंड्या कशाला? रस्ते बंद होतात तेव्हा सगळ्यात आधी संपते ती पालेभाजी. चार दिवस नुसता खिचडीभात खाऊन पोरं कंटाळतात, म्हाताऱ्यांचं पोट धरतं. अशा वेळी मूठभर मेथी किंवा माठ परतून ताटात वाढला की घराचा नूर बदलतो, हे मी पाहिलंय. शिवाय रोज सकाळी वाकून माती चाळणं, पाण्याची झारी उचलणं हा व्यायामच आहे.

आता कामाचं बोलू. महागड्या कुंड्या घेऊ नका. आपल्या जिल्ह्यात टोमॅटोचे प्लास्टिकचे कॅरेट जागोजाग मिळतात, फुटका कोपरा असलेलं स्वस्तात देतात. त्यात जुनी गोणी किंवा शेडनेटचा तुकडा अंथरा. आपली काळी माती नुसती भरू नका. ती पाण्याने चिकट होते आणि सुकली की विटेसारखी आवळते, मुळांना श्वास राहत नाही. मी एक घमेलं माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट आणि एक घमेलं भिजवलेलं कोकोपीट घेते, वर दोन मुठी निंबोळी पेंड. तळाला वाळलेल्या पानांचा वीतभर थर. एवढं सगळं ओलं झालं की एक कॅरेट चाळीस किलोच्या घरात जातं, म्हणून सहा बाय तीनच्या बाल्कनीत तीनच्या पुढे जाऊ नका, आणि ठेवायची ती भिंतीलगत, कठड्याच्या टोकाला नाही. कठड्यावर तर काहीच ठेवायचं नाही. वाऱ्याने कुंडी खाली गेली तर कोणाचा जीव जाईल.

काय लावायचं हे ऋतू ठरवतो. आत्ता पावसाळा असेल तर मेथीच्या मागे लागू नका, सडते. माठ टाका, पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येतो. गजाला सुतळी बांधून गिलक्याचा एक वेल चढवा, जूनमध्ये टाकलेलं बी दोन महिन्यांत गिलकी देतं आणि पुढे थकेपर्यंत देत राहतं. अळूचा एक कांदा बादलीत लावा, त्याला सावली चालते. खाताना चिंच विसरू नका. ऑक्टोबरनंतर मात्र मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर. धने पोळपाटावर लाटण्याने हलकेच रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवायचे आणि मग पेरायचे. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही आणि नवशिके नेमके तेव्हाच माती उकरून बघतात. उकरू नका! मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं काढते, म्हणून मुलांना शिकवायचं असेल तर सुरुवात मेथीने करा. पालक उपटायचा नाही, बाहेरची पानं खुडायची, तोच वाफा तीन-चार वेळा देतो. एप्रिल-मेच्या उन्हात बाल्कनी तापते तेव्हा दुपारी पडदा बांधा आणि पाणी सकाळी सहाला घाला, भर दुपारी नाही.

बी शक्यतो गावरान घ्या. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावरान वाणांची बियाणं घरात जपली, वाढवली, वाटली. त्यांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्या कामातलं आपण एवढंच उचलू: गिलक्याच्या वेलावरचं एक चांगलं फळ तोडायचं नाही, वाळू द्यायचं. आतलं बी राखेत घोळवून बाटलीत भरायचं आणि त्यावर महिना-साल लिहायचं. पुढच्या जूनला दुकानात जायची गरज नाही.

आणि मातीच नसेल तेव्हा? मूग, मटकी, मेथीदाणा ओल्या फडक्यात. दीड-दोन दिवसांत मोड. ही तर बाल्कनीशिवायची बाग झाली. नवऱ्याला हे वाचून दाखवू नका. पहिल्या माठाची भाजी वाढा.

आमचं घर मखमलाबादच्या मळ्यात. दोनदा बिबट्या दिसला. सात वर्षांची मुलगी आहे. तिला काय शिकवू?
— एक शेतकरी वाचक

तीन गोष्टी, आणि त्या खेळ म्हणून रोज. अंधार पडला की अंगणात एकटं जायचं नाही, वाकून किंवा बसून काही करायचं नाही. बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. दिसलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. दोन्ही हात वर करून, जागेवर उभं राहून मोठमोठ्याने ओरडायचं आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरकायचं. मोठ्यांनी पोराला लगेच कडेवर घ्यायचं. शौचालय घराला लागून असू द्या, कुत्री-कोंबड्या रात्री बंदिस्त ठेवा, अंगणात दिवा लावा. वन खात्याचा १९२६ हा क्रमांक दारामागे खडूने लिहून ठेवा. पिंजरा लावायला त्यांना बोलवा, गावाने काठ्या घेऊन उसात शिरू नये. तसं केल्यानेच माणसं जखमी होतात.

मी ५८ वर्षांचा. अंबडच्या कंपनीत उभ्याचं काम केलं, आता निवृत्त. गुडघे बोलतात. जिम परवडत नाही आणि तिथे जायची लाजही वाटते. या वयात काही होईल का?
— एक वाचक, सातपूर

होईल, दादा. गुडघे बोलतात म्हणजे मांड्या गप्प बसल्यात. त्यांना कामाला लावलं की गुडघ्यांवरचा भार हलका होतो. (गुडघा सुजलेला असेल, गरम लागत असेल किंवा अडकत असेल तर आधी डॉक्टर. बाकीच्यांनी पुढे वाचा.)

घरातली बिनहाताची लाकडी खुर्ची घ्या, भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं. घड्याळ लावून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता ते मोजा. साठीच्या पुरुषाने चौदा गाठायला हवेत, बाईने बारा. कमी भरले तर वाईट वाटून घेऊ नका, आकडा कॅलेंडरवर लिहा. मग एक दिवसाआड, आठ-आठच्या तीन फेऱ्या. बसताना धपकन पडायचं नाही, मनात चार आकडे मोजत खाली यायचं. खरा व्यायाम त्या खाली येण्यातच आहे.

दुसरी गोष्ट बादली. पाच लिटर पाण्याने सुरुवात. पाय खांद्याएवढे फाकलेले, बादली दोन पायांच्या मधोमध. कमरेतून कमान करून वाकू नका. ढुंगण मागे न्या, जणू मागच्या स्टुलाला शोधताय, गुडघे थोडे वाकू द्या, पाठ पाटासारखी सरळ. कडी धरा, श्वास सोडत टाचांनी जमीन खाली ढकला. बादली अंगाला घासत वर आली पाहिजे. वर आलात की घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला, हात बदला, परत या. दर दोन आठवड्यांनी लिटर-दोन लिटर वाढवा. दिवाळीपर्यंत पंधरा लिटरला आलात तर मला पत्र टाका. जिन्यावर माझी कमर धरली तेव्हा मला हेच येत नव्हतं. मी पाठ गोल करून, कॅन अंगापासून लांब धरून उचलला होता.

तिसरी जमिनीवरून उठणं. आपण जेवायला पाटावर बसायचो तेव्हा हा व्यायाम दिवसातून दोनदा फुकट व्हायचा. डायनिंग टेबल आलं आणि तो गेला. रोज एक वेळचा चहा सतरंजीवर बसून घ्या. उठताना सुरुवातीला खुर्चीचा आधार घ्या, हळूहळू आधार कमी करा. घरात पाय घसरून पडलेला माणूस स्वतःच्या स्वतः उठू शकला, तर पुढचं निम्मं दुखणं टळतं.

याच्या जोडीला आठवड्यात दीडशे मिनिटं झपझप चालणं. जागतिक आरोग्य संघटनाही एवढंच सांगते, वर आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी साडेसहाला या, तुमच्यासारखे पुष्कळ भेटतील, कोणी कोणाकडे बघत नाही. चार महिन्यांनी एखाद्या रविवारी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून बघा. दोनशेच्या आसपास आहेत. मध्ये थांबून दम घेतलात तरी चालेल.

बाई, मी तुमची विद्यार्थिनी. मुलगी १९ वर्षांची, क्लासवरून रात्री साडेनऊला एकटी येते. तिला कराटेला घालू की पेपर स्प्रे घेऊन देऊ? सासरे म्हणतात क्लासच बंद कर.
— तुझं नाव लिहीत नाही, नाशिकरोड

तुझं अक्षर ओळखलं गं. सासऱ्यांची काळजी खरी आहे, उपाय चुकीचा आहे. क्लास सुरू राहू दे.

स्प्रे जरूर घे, पण दोन अटींवर. एक, डबीवरची तारीख बघ, मुदत संपलेला फवारा फुसका निघतो. दोन, तो बॅगेच्या तळाशी नाही, रस्त्यावर असताना हातात. रिकाम्या मैदानावर जाऊन तिला एकदा मारून बघायला लाव, वारा पाठीकडून असताना. तोंडावर वारा असेल तर स्वतःच्याच डोळ्यांत जातो.

कराटे, ज्युदो, लाठीकाठी, जे घराजवळ रोज होईल ते. दोन दिवसांच्या शिबिराने प्रमाणपत्र मिळतं, हातात काही येत नाही. पण पहिली शिकवण कुठल्याही क्लासच्या आधीची आहे, आणि ती म्हणजे आवाज. तुला आठवतं का, आठवीत मी तुम्हाला मैदानाच्या दोन टोकांना उभं करून ‘सोड!’ असं ओरडायला लावलं होतं? चाळीस मुलींत चौघींचा आवाज माझ्यापर्यंत पोचला. बाकीच्या हसल्या, लाजल्या, तोंडावर हात ठेवला. लहानपणापासून हळू बोल म्हणून सांगितलेला गळा ऐन वेळी उघडत नाही. आम्हाला तीन आठवडे लागले. तुझ्या लेकीला गच्चीवर ने आणि पोटातून ओरडायला लाव. शेजाऱ्यांना आधी सांग म्हणजे झालं. आणि नुसतं ‘वाचवा’ नाही. ‘ओ काका, निळा शर्ट, इकडे या, हा माणूस मला त्रास देतोय!’ गर्दीतल्या एका माणसाला बोट दाखवून हाक मारली की तो माणूस हलतो, आणि एक हलला की इतरही हलतात.

दुसरं, मनगट सोडवणं. रात्री जेवणानंतर तुम्ही दोघी करा. तू तिचं मनगट धर, लुटूपुटूचं नाही, घट्ट. मुठीत सगळ्यात कच्ची जागा म्हणजे अंगठा आणि बोटांची टोकं जिथे भेटतात ती फट. तिने ओढायचं नाही. ओढाओढीत जोर असलेला जिंकतो. मनगट असं फिरवायचं की त्याची अरुंद कड त्या फटीसमोर येईल, एक पाऊल तुझ्या दिशेने टाकायचं, कोपर वाकवून तुझ्या अंगाकडे न्यायचं आणि हात स्वतःच्या खांद्याकडे झटकन उपसायचा. पहिल्यांदा जमणार नाही. दहाव्यांदा जमेल. मग डावा हात. रोज वीस-वीस वेळा, महिनाभर, म्हणजे डोक्याला विचारावं लागणार नाही. सुटली की पुढचं काम एकच, उजेडाकडे आणि माणसांकडे पळणं. सुटका झालीच नाही तर तळहाताचा मनगटाकडचा भाग खालून नाकावर, गुडघा जांघेत, चपलेची टाच त्याच्या पावलावर. मग पळायचं. थांबून धडा शिकवत बसायचं नाही.

कायद्याची भीती तिला घालू नकोस, माहिती दे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय, पण वाचण्यापुरता. गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा नाही. हल्लेखोर पळाल्यावर त्याच्या मागे जाऊन मारणं स्वसंरक्षणात बसत नाही. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर हा शब्द तिला पाठ असू दे. ११२ क्रमांक फोनवर न बघता लावता आला पाहिजे. पॉवर बटण किती वेळा दाबल्यावर तो लागतो, ते तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये आजच बघून घ्या.

आणि एक आई म्हणून तुझ्यासाठी. तिने काही सांगितलं तर पहिलं वाक्य ‘तू तिथे कशाला गेलीस’ हे नको. ते एकदा ऐकलेली मुलगी दुसऱ्यांदा सांगत नाही. शाळेत मी हे फार वेळा पाहिलंय.

एवढी भीती कशाला घालता? नाशिक हे शांत, देवाधर्माचं गाव आहे.
— एक ज्येष्ठ वाचक, जुने नाशिक

आजोबा, माझी आई चैत्र-वैशाखात कुरडया, सांडगे, पापड घालायची. पावसाची भीती वाटायची म्हणून नाही. पाऊस येणार हे ठाऊक होतं म्हणून. देवाधर्माचं गाव आहे म्हणून तर जास्त सांगते. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थाच्या शाही स्नानाला रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. २०२७ चा सिंहस्थ आपल्या दारात आहे आणि घराघरांत पाहुणे येणार आहेत. त्यांना एवढं शिकवून घाटावर पाठवा: गर्दी दाटली की दोन्ही हात छातीसमोर दुमडून धरायचे, फासळ्यांना श्वासापुरती जागा राहते. लाटेच्या विरुद्ध रेटायचं नाही, तिरपं तिरपं कडेला सरकायचं. चप्पल निसटली, पिशवी पडली, तरी वाकायचं नाही. पोर खांद्यावर. भेटायची जागा घरातूनच ठरवून निघायचं, कारण तिथे फोन लागेलच असं नाही.

बाई, मी ७४ वर्षांची. पंचवटीत वाड्याच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते. मुलगा पुण्याला. तुमचा हा व्यायाम आणि भाजी माझ्याच्याने काय होणार? मी कोणाच्या उपयोगाची नाही, निदान कोणाला ओझं होऊ नये एवढंच वाटतं.
— एक आजी

आजी, तुमचं पत्र मी टेबलावर चार दिवस तसंच ठेवलं होतं. माझ्या सासूबाईंना त्या संध्याकाळी खुर्चीत बसवून वर नेलं तेव्हा त्याही हेच म्हणाल्या होत्या. वर गेल्यावर अंधारात त्यांनीच सांगितलं की मागच्या कोनाड्यात पितळी समई आणि तेलाची बाटली आहे. कोणालाच आठवत नव्हतं. ती रात्र आम्ही त्या समईवर काढली.

तुम्ही एवढं करा. ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून एका पायावर उभ्या राहा, दहा आकडे मोजा, मग दुसरा पाय. दूध तापेपर्यंत होतं. पलंगाच्या कडेवरून हात न टेकता पाच वेळा उठा-बसा. जमलं नाही तर एक हात टेका. गोळ्या आठ दिवसांच्या जास्त आणून ठेवा. एका कागदावर ठळक अक्षरात मुलाचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, १०८ आणि गोळ्यांची नावं लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. किल्लीची एक जोडी खालच्या बिऱ्हाडात द्या. उशाशी एक शिट्टी बांधा. पडलात आणि आवाज फुटला नाही तरी शिट्टी वाजते. खालच्यांना सांगून ठेवा, तीन शिट्ट्या म्हणजे वर या.

भाजीचं म्हणाल तर खिडकीत एक पसरट ताट मावतं ना? मूठभर मेथीदाणा रात्री भिजवायचा, सकाळी दोन बोटं मातीवर पसरायचा, वर ओलं फडकं. चौथ्या दिवशी हिरवं होतं, दहाव्या दिवशी कात्रीने कापून वरणात.

हा अंक हातात पडेल त्याच्या पुढच्या बुधवारी सकाळी दहाला मी येते. पत्त्यावरून कारंजाजवळचा तुमचा बोळ मला समजला. येताना मेथीचं बी, शिट्टी आणि गवती चहाचं एक बेट आणते. ताट तुमचं, माती माझ्याकडची. चहा मात्र तुम्ही करायचा, आणि दूध तापेपर्यंत एका पायावर उभं राहून दाखवायचं.